हजार तासांचा दिवा

घरातली कुठलीही वस्तू बिघडली की 'हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत' हे वाक्य कोणीतरी उच्चारायचं असतं. आमच्याकडे हा मान सासूबाईंचा. पण मी पडलो बँकेतला कारकून. 'हल्ली' ही नोंद मला चालत नाही. नोंदीला तारीख हवी. शोधायला गेलो, तर बल्बच्या बाबतीत तरी ती चक्क सापडली. डिसेंबर १९२४, मुक्काम जिनिव्हा.

त्या महिन्यात जगातल्या बड्या दिवेवाल्यांनी एक संघ काढला. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, फ्रान्स-जपानची मंडळी, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या परदेशातल्या कंपन्या. नाव ठेवलं 'फीबस', म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव! देवाचं नाव घेऊन त्यांनी बाजार वाटून घेतला आणि ठरवलं की बल्बनं हजार तास जळावं. तोवर दीड-दोन हजार तास जळणारे बल्ब मिळत असत. मग कारखान्यांतून नमुने मागवून तपासणी सुरू झाली आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला स्विस फ्रँकमध्ये दंड. हो, जास्त टिकला म्हणून! आमच्या शाखेत काम लवकर संपवणाऱ्याला शेजारच्या टेबलाचं काम मिळतं, तेवढंच काय ते याला साम्य.

दुसऱ्या महायुद्धात संघ मोडला. हजार तास मात्र राहिले.

इथवर वाचून तुमचंही रक्त तापलं असेल. माझंही तापलं होतं. त्यात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रातला एक बल्ब १९०१ पासून जळतोय असं कळलं, तेव्हा तर आपण पिढ्यान्‌पिढ्या लुटले गेलो याबद्दल शंकाच उरली नाही. मग त्याचा उजेड किती ते पाहिलं. जेमतेम चार वॅटच्या दिव्याइतका! त्याखाली पासबुक भरायचं म्हटलं तर खातेदाराचं नाव आठवणीनंच लिहावं लागेल.

गोम इथंच आहे. तार जितकी जास्त तापवावी तितका उजेड पांढरा आणि भरपूर, पण तार लवकर झिजते. कमी तापवली तर ती टिकते, पण त्याच विजेत उजेड कमी. शंभर वॅटचा बल्ब हजार तासांत शंभर युनिटं खातो. त्या युनिटांच्या बिलापुढे बल्बची किंमत म्हणजे चिल्लर. चिल्लर वाचवायला मंद बल्ब घ्यायचा आणि पुरेशा उजेडासाठी दोन लावून बिल वाढवायचं, याला आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकातही काटकसर म्हणत नाहीत. ब्रिटनमध्ये १९५१ साली सरकारी मक्तेदारी आयोगानं चौकशी केली, तेव्हा त्यालाही हजार तासांचा आकडा साधारण वाजवीच वाटला. म्हणजे चोरांनी केलेला हिशेब ऑडिटरनं पास केला! माझं मत विचाराल तर आकडा बरोबर होता. पण तो माझ्या सोयीसाठी काढला होता, हे मात्र कोणी सांगू नये.

आमचे वडील हा वाद न वाचताच जगले. नवीन बल्बच्या पितळी टोपीवर ते पेन्सिलीनं तारीख लिहीत. उडालेला बल्ब कानाशी धरून हलवत. तुटलेली तार कधी कधी एकमेकींना चिकटे आणि बल्ब आणखी आठवडाभर पेटे. तो आठवडा ते व्याज समजत. रात्री झिरोचा बल्ब लावला की 'याला वीजच लागत नाही' असं ते सांगत. तो झिरो सुमारे पंधरा वॅट खातो हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तरी मी त्यांना सांगितलं नाही.

आता एलईडी. खोक्यावर पंचवीस हजार तास छापलेले असतात, आणि आतला प्रकाश देणारा तुकडा तेवढा टिकूही शकतो. मरतं ते त्याच्या बुडातलं विजेचं सर्किट, बंद झुंबरातल्या उष्म्यानं. चांगली फौज, पण सारथी अर्ध्यावर आडवा! २०१६ साली दुबईच्या नगरपालिकेसाठी जास्त पट्ट्या कमी तापवणारा दीर्घायुषी दिवा निघाला. काढला कोणी? फिलिप्सनं. तो सुरुवातीला मिळत होता फक्त दुबईतच.

गेल्या महिन्यात बाथरूमचा दिवा गेला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नवीन दिला, पांढऱ्या प्लॅस्टिकवर मार्करनं तारीख टाकली आणि म्हणाला, "दोन वर्षांची गॅरंटी, साहेब. तारीख पुसली गेली तर मात्र बदलून मिळणार नाही." सासूबाईंनी त्यावर लगेच सेलोटेप चिकटवली.