धुराड्यातला हिशेब

सिमेंटभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करणे ही अलीकडची कल्पना, असे मी समजत होतो. जुनी तंत्रविषयक पुस्तके चाळताना ती समजूत मोडली. विसाव्या शतकाच्या आरंभीच भट्टीमागे बॉयलर बसवले जात. १९५० नंतर प्रीहीटर आले. तीच उष्णता कच्चा माल तापवू लागली आणि बॉयलर मागे पडले. तरी प्रीहीटरमधून तीनशेहून अधिक अंशांचा वायू सुटतच होता. १९७३च्या तेलसंकटानंतर जपानने त्याचा हिशेब मांडला. १९९८मध्ये जपानच्याच साहाय्याने चीनमधील निंगगुओला, पुढे आपल्याकडे विष्णुपुरमला वीजसंच उभा राहिला. मधली वर्षे आकाशात गेली. इंधन स्वस्त असते, तोवरच उष्णता टाकाऊ ठरते.