पाणी नसलेल्या पाईपची गोष्ट

पोस्ट जरा लांबलीय, पण इथल्या आपल्या कॉन्डोवाल्यांनी गुरुवारच्या मीटिंगआधी वाचा.

मागच्या जानेवारीत आपल्या उघड्या पार्किंगमधला स्प्रिंकलरचा पाईप फुटला आणि खालच्या दोन गाड्यांवर बर्फ साचला. आता सूचना आलीय की हिवाळाभर स्प्रिंकलरचा मेन व्हॉल्व्हच बंद ठेवू. खरं सांगतो, मीही मान डोलावली होती. घरी येऊन जुना इतिहास वाचत बसलो आणि मत बदललं.

१८७४ साली न्यू हेवनच्या हेन्री पार्मलीने आपला पियानोचा कारखाना वाचवायला आपोआप उघडणारा स्प्रिंकलर बनवला. प्रॉव्हिडन्सच्या फ्रेडरिक ग्रिनेलने १८८१ मध्ये सुधारित स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं. पण न्यू इंग्लंडचा हिवाळा! जिथे शेगडी नाही तिथे पाईपातलं पाणी गोठणार, फुगणार, पाईप फोडणार. त्यावर तोड निघाली ड्राय पाईपची. पाईपात नुसती दाबाची हवा, आणि पाणी उबदार खोलीत झडपेमागे अडवलेलं. आगीने स्प्रिंकलर उघडला की हवा निसटते, झडप सुटते, पाणी धावतं.

व्हॉल्व्ह बंद ठेवला तर भिस्त फक्त बंबांवर. ९ जानेवारी १९१२ ला न्यूयॉर्कची इक्विटेबल बिल्डिंग जळाली. 'फायरप्रूफ' म्हणून मिरवलेली! कडाक्याच्या थंडीत बंबांचं पाणी भिंतींवरच गोठत गेलं. सहा जण गेले.

आता आपला पाईप. तोसुद्धा ड्रायच होता, तरी फुटला. कारण कॉम्प्रेसरच्या हवेत दमटपणा असतो, त्याचं पाणी होऊन उतारावरून सखल जागी साचतं. म्हणून तिथे दोन व्हॉल्व्ह आणि मध्ये छोटी नळी असते. आधी वरचा बंद करायचा, मग खालचा उघडून पाणी काढायचं. मग खालचा बंद, आणि वरचा परत उघडा. दोन्ही एकदम उघडले तर हवा जाते, झडप सुटते आणि सगळा पाईप पाण्याने भरतो. थंडीच्या लाटेत तर हे रोज बघावं लागतं. आपल्याकडे मागच्या हिवाळ्यात कुणी एकदाही बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. (झडपेची खोली ४ अंशांच्या वर ठेवायची असते, तिथला हीटर बिल वाचवायला बंद केला होता, ते वेगळंच.)

गुरुवारी मी व्हॉल्व्ह बंद करायच्या विरोधात हात वर करणार आहे. पाणी कधी काढलं त्याची तारीख आणि सही झडपेशेजारच्या वहीत हवी, हेही मांडणार. पहिले दोन आठवडे ती सही माझी असेल.