अंगणात आलेली शाळा

रोममध्ये १९०७ साली मारिया मॉन्टेसरींनी बालगृह काढले. तो विचार गिजुभाई बधेकांनी भावनगरला गुजरातीत रुजवला. मराठीभाषक ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ सोबत आल्या. पण गरिबांची मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आली. पुढे १९५७ साली काम कोसबाडला गेले. तिथली वारली मुले गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणशाळा भरली. शिकवायला आलेल्यांना आधी शिकावे लागले. १९७५ च्या सरकारी योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला, पण मुलाची घरची बोली शाळेने आपली मानली का? सहकार्याची खरी कसोटी तीच आहे.