डेक स्टेन

डेक स्टेन हे उघड्यावरील लाकडी डेकच्या फळ्यांना दिले जाणारे रंगयुक्त संरक्षक लेपन आहे. घराला लागून बांधलेल्या, सहसा जमिनीपासून उंच असलेल्या लाकडी ओट्यास डेक म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील घरांमध्ये असे डेक विशेष प्रचलित आहेत.

कार्य

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निनचे विघटन होते. सुटे झालेले तंतू पावसाने धुऊन जातात व लाकूड करडे पडते. पाणी शोषून फुगणे आणि वाळताना आकसणे यांमुळे फळ्यांना तडे जातात. स्टेनमधील रंगद्रव्य अतिनील किरण अडवते, तर राळ, तेल व मेण पाण्याचे शोषण कमी करतात. मात्र स्टेन हा परिरक्षक प्रक्रियेला पर्याय नाही. सतत ओले राहणारे लाकूड स्टेन दिल्यानंतरही कुजू शकते.

प्रकार

* पारदर्शक: रंगद्रव्य अत्यल्प असते. लाकडाचे रेषे स्पष्ट दिसतात, परंतु उन्हापासून संरक्षण कमी मिळते.
* अर्धपारदर्शक: लाकडात मुरतो व रेषेही दिसू देतो. झिजताना तो सहसा फिका पडत जातो, त्यामुळे पुन्हा लावणे सोपे असते. नव्या डेकसाठी बहुधा याचीच शिफारस केली जाते.
* अपारदर्शक: रंगाप्रमाणे पृष्ठभागावर थर तयार करतो. उन्हापासून संरक्षण सर्वाधिक मिळते. पण थराखाली ओल शिरल्यास पोपडे निघतात व ते खरवडून काढावे लागतात.

तेलाधारित स्टेन लाकडात अधिक खोल मुरतात. जलाधारित स्टेन लवकर वाळतात आणि त्यांतून बाष्पनशील द्रव्ये सहसा कमी बाहेर पडतात.

लाकडानुसार निवड

दाबाखाली परिरक्षक भरलेले पाइन स्वस्त असल्याने सर्वाधिक वापरले जाते. तांबेयुक्त परिरक्षकामुळे त्यास हिरवट छटा असते. तपकिरी छटेचा अर्धपारदर्शक स्टेन ती झाकतो. सीडर व रेडवुड यांतील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काळे डाग पडतात, म्हणून तेथे स्टेनलेस स्टीलचे खिळे वा स्क्रू योग्य ठरतात. इपेसारखे घट्ट लाकूड द्रव फारसे शोषत नाही. त्यास तेलाचा पातळ हात देऊन उरलेले तेल पुसून घेतात.

पूर्वतयारी व लेपन

परिरक्षक भरलेले नवे लाकूड अनेकदा ओले असते व ते वाळण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. फळीवर पाण्याचे थेंब टाकून चाचणी घेतात: थेंब मुरले तर लाकूड तयार मानतात, तसेच राहिले तर थांबतात. गरजेपेक्षा अधिक काळ लाकूड उघडे ठेवल्यास उन्हाने पृष्ठभाग क्षीण होऊन स्टेनची पकड कमी होते. फळ्यांची कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात, म्हणून तेथे स्टेन भरपूर लावतात. न मुरलेला स्टेन पुसून घेतला नाही, तर पृष्ठभाग चिकट राहतो.

सुरक्षितता

जवसाच्या तेलासारख्या वाळणाऱ्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून त्या उघड्यावर पसरून वाळवतात किंवा पाणी भरलेल्या धातूच्या झाकणबंद डब्यात ठेवतात. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती डेकसाठी आर्सेनिकयुक्त परिरक्षकाने प्रक्रिया केलेले लाकूड वापरात होते. असे जुने डेक घासताना निघणारी धूळ विषारी असते.