व्हिनेगरची चाचणी आणि आपला मेडिक्लेम

मेडिक्लेमचं कार्ड हातात आलं की आयटीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कव्हर किती लाखांचं?" आजार होऊ नये म्हणून त्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही. यामागे थोडा इतिहास आहे.

मी बेलपाड्यात राहतो. शेजारीच खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. याच टाटाच्या परळच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. प्रमुख होते डॉ. सुरेंद्र शास्त्री. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, दोन गट. एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी.

तपासणी कशी? गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच, लावायचं. संशयित भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. लॅब नको, वीज नको. तपासणाऱ्या होत्या जेमतेम दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला: या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

दुसऱ्या गटाला मात्र फक्त आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी नाही. यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. आकड्यांच्या दोन्ही बाजूंना माणसंच होती.

आता उस्मानाबाद (आजचं धाराशिव). तिथल्या खेड्यांमधल्या १,३१,७४६ बायकांवरच्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हिनेगरची चाचणी एकदाच केली तेव्हा मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे स्वस्त चाचणी चालते, पण ती पुन्हापुन्हा करावी लागते. आमच्या टेस्टिंगवाल्यांना हे वेगळं सांगायला नको :)

मग विम्याचं काय? १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तो दवाखान्यात भरती होण्याचा खर्च देण्यासाठी. विम्याचं गणितच असं की अनिश्चित नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. तपासणी तर ठरवून करायची गोष्ट, त्यामुळे ती बाहेर राहिली. पुढे बऱ्याच पॉलिसींत वार्षिक चेकअप आला. २०१२ च्या अर्थसंकल्पाने ८०ड कलमात चेकअपसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट दिली, तीही हप्त्याच्या मर्यादेतच. नवी कररचना निवडली तर तीही मिळत नाही.

असो. मुद्दा एवढाच की चेकअप 'आहे' यावर समाधान मानू नका. त्यात कुठल्या तपासण्या आहेत ते वाचा. साखर, कोलेस्टेरॉल बहुतेक वेळा असतं. गर्भाशयमुखाची तपासणी आहे का? किती वर्षांनी? फक्त नोकरी करणाऱ्याला की बायकोला आणि आईलाही? नसेल तर डॉक्टरांना विचारून स्वतःच्या खर्चाने करून घ्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही व्हिनेगरची तपासणी सांगितली आहे, तेव्हा सरकारी केंद्रातही चौकशी करा.

कव्हर वीस लाखांचं घ्याच. पण घरातल्या बाईची शेवटची तपासणी कधी झाली, हेही आज विचारा.