पाइप ऑर्गन आतून कसा चालतो? सुरुवात आपल्या पेटीपासून

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात शबद-कीर्तन ऐकलं असेल किंवा लातूरकडच्या एखाद्या भजनी मंडळात बसला असाल, तर पाइप ऑर्गनची निम्मी ओळख तुम्हाला आधीच आहे. पेटीत भाता हवा भरतो, पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा बाहेर पडताना सूर वाजतो. चर्चमधला पाइप ऑर्गनही हेच करतो. फक्त पेटीत हवेच्या वाटेवर पितळेची छोटी जीभ म्हणजे रीड असते, आणि इथे प्रत्येक सुरासाठी एक वेगळा पाइप उभा असतो.

एक गोंधळ आधीच मिटवू. आपल्या संगीत नाटकांत जो ‘ऑर्गन’ वाजायचा, तो पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन. त्यात पाइप नसतात. घरातली मोठी माणसं ‘ऑर्गन’ म्हणतात तेव्हा बहुतेक तोच डोळ्यासमोर असतो. हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तयार झाली. पाइप ऑर्गनचा पूर्वज मात्र इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने बनवलेला. त्यात हवेचा दाब पाण्याच्या मदतीने स्थिर ठेवला जायचा.

हवा किती लागते?

आज विजेचा ब्लोअर हवा भरतो. पूर्वी मागे एक माणूस उभा राहून भाता मारायचा. ही हवा आधी एका मोठ्या साठवणीच्या भात्यात जाते आणि त्यावर ठेवलेली वजनं दाब एकसारखा ठेवतात. दाब डळमळला की सूरही डळमळतो. एवढं मोठं यंत्र म्हणजे दाबही जबरदस्त असेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात बऱ्याच ऑर्गनमध्ये तो साधारण ७५ मिलिमीटर पाण्याइतकाच असतो. ग्लासात स्ट्रॉ साडेसात सेंटीमीटर बुडवून बुडबुडे काढा. लागली तेवढीच फुंकर!

पाइपच्या आत

बहुतेक पाइप शिट्टीसारखे असतात. त्यांत हलणारा एकही भाग नसतो. खालच्या छिद्रातून हवा आत येते, एका अरुंद फटीतून पातळ पडद्यासारखी बाहेर पडते आणि समोरच्या ‘ओठा’वर आदळते. ती आत-बाहेर झुलायला लागते आणि पाइपमधला हवेचा खांब कंप पावतो. सूर ठरतो तो मुख्यतः पाइपच्या लांबीवरून. सुमारे ८ फुटांचा उघडा पाइप ६५ हर्ट्झच्या आसपास वाजतो, १६ फुटांचा ३३ आणि ३२ फुटांचा १६. वरचं तोंड बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो. जागा आणि धातू दोन्ही वाचतात. हे पाइप कथील-शिशाच्या मिश्रधातूचे किंवा लाकडाचे असतात. काही पाइपांत पेटीसारखी पितळेची जीभ असते, त्यांचा आवाज तुतारीच्या जवळ जातो. आणि हो, समोर दिसणाऱ्या चकचकीत पाइपांपैकी काही कधीकधी नुसते शोभेचे असतात.

पट्टी आणि स्टॉप

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. समजा ६१ पट्ट्या आहेत आणि १० प्रकारचे आवाज. म्हणजे कमीत कमी ६१० पाइप. ते हवेच्या पेटीवर रांगांनी उभे असतात. पट्टी दाबली की तिच्या स्तंभातल्या सगळ्या पाइपांखाली हवा येते. पण पाइप आणि हवा यांच्यामध्ये प्रत्येक रांगेखाली भोकं पाडलेली एक लांब लाकडी फळी असते. स्टॉपची खुंटी ओढली की फळी सरकते, भोकं जुळतात आणि ती रांग ‘चालू’ होते. पाइप वाजायला पट्टीही हवी आणि स्टॉपही हवा. कोडिंग केलं असेल तर ओळखलंच असेल, हा अँड गेट आहे, तोही विजेच्या कितीतरी आधीचा, लाकडाचा.

बिघाड शोधायची पद्धतही यातूनच निघते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की आपल्या पेटीत कधीकधी एखादा सूर हात न लावता वाजत राहतो. ऑर्गनमध्येही हे होतं, आणि भर प्रार्थनेत झालं तर फजिती. तेव्हा एकेक स्टॉप बंद करून बघतात. ओढलेल्या प्रत्येक स्टॉपमध्ये तोच सूर अडकलेला असेल, तर संशय त्या पट्टीच्या झडपेवर.

उन्हाळ्याचं काय?

समजा लातूरच्या एखाद्या हॉलमध्ये २० अंशाला सुरात लावलेला ऑर्गन आहे. मे महिन्यात तिथे ४० अंश झाले तर? हवेतला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ वरून सुमारे ३५५ मीटर होतो, आणि शिट्टीसारखे पाइप साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढतात. सा आणि कोमल रे यांच्यातलं अर्ध्याहून जास्त अंतर! सगळे एकत्र चढले असते तर चाललं असतं. पण जिभेचे पाइप जवळपास जागच्या जागी राहतात आणि दोघं एकमेकांना बेसूर करतात. म्हणून रोजच्या देखभालीत जिभेच्या पाइपांनाच बाकीच्यांशी जुळवून घेतात. त्यांची संख्या कमी, आणि तारेच्या एका खटक्याने ते सुरात येतात.

प्रत्यक्ष बघायचा असेल तर मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. लातूर एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलात तर फार लांब नाही.

तोवर घरी एक करा. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचा १७ सेंटीमीटरचा तुकडा घ्या, खालचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि वरच्या काठावर फुंका. फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपमध्ये ५०० हर्ट्झच्या आसपास आकडा दिसेल. मग ३४ सेंटीमीटरचा तुकडा घेऊन बघा, आकडा निम्म्यावर येईल. आणि यूट्यूबवर ऑर्गन ऐकाल तेव्हा हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरमधून ते ३३ हर्ट्झचे सूर येतच नाहीत.