आलप्पुळाचा कचरा

बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या गावाविषयी आपण सरकारी माणसे तीन गोष्टी विचारतो : घरभाडे काय, मुलांना शाळा कोणती आणि पाणी कसे आहे. गावाचा कचरा कोठे जातो, हे कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते. केरळातील आलप्पुळा येथे बिऱ्हाड थाटल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही खरकट्याची बादली दाराबाहेर ठेवली आणि संध्याकाळी ती जशीच्या तशी भरलेली पाहून चकित झालो. शेजारच्या वृद्ध अम्मांनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावले, की येथे ज्याचा कचरा त्यानेच निस्तरायचा. हा काय नवा पंथ, असे त्या वेळी वाटले खरे. परंतु चौकशी करू लागलो तसतसे ध्यानात आले, की या रीतीमागे त्या नगराच्या पोटातील मोठा कलह दडलेला आहे.

आलप्पुळा, म्हणजे १९९० पर्यंत कागदोपत्री अलेप्पी, हे काही प्राचीन नगर नव्हे. त्रावणकोरच्या धर्मराजाच्या कारकिर्दीत, १७६२ साली, येथे बंदर खुले झाले. नगराची खरी घडण केली ती राजा केशवदास या कर्तबगार दिवाणाने. वेंबनाड सरोवरातून मिरी, वेलदोडा, सुंठ आणि खोबरे होड्यांनी थेट बंदराजवळ यावे, म्हणून दोन समांतर कालवे खोदण्यात आले आणि त्यांच्या काठी वखारी उभ्या राहिल्या. गुजरात व कच्छकडील व्यापाऱ्यांना बोलावून वसविले गेले. त्यांची गल्ली आजही दाखवितात. पोर्तुगीजांच्या छळामुळे सोळाव्या शतकात गोवा सोडून कोचीकडे आलेल्या गौड सारस्वतांचे वंशजही येथे स्थिरावले. त्यांच्या अनंतनारायणपुरम् देवळाच्या आवारात आम्ही प्रथम कोंकणी बोल ऐकले, तेव्हा परमुलखात आपल्या आजोळचे कोणी भेटावे तसे झाले. त्या कोंकणीत मल्याळमची मिसळ एवढी, की निम्मे कळले आणि निम्मे केवळ गोड लागले.

१८५९ साली जेम्स डॅरा या गृहस्थाने येथे काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला आणि पुढील शंभर वर्षे नगराचे पोट काथ्यावर चालले. १८६२ साली दीपगृह उभे राहिले. मग विसाव्या शतकात कोचीचे बंदर खोल करण्यात आले, मोठी जहाजे तिकडे वळली आणि आलप्पुळाचे बंदर ओस पडत गेले. वखारींना कुलपे लागली, ते समजण्यासारखे आहे. कालव्यांचे मात्र विचित्र झाले. ज्या पाण्यावरून मिरीच्या होड्या जात, त्या पाण्याचा उपयोग सरता सरता एकच उरला : त्यात टाकणे. ज्याला नगराने पाठ दाखविली, ते नगराचे गटार होते, असा नियमच दिसतो.

येथील भूमीही चमत्कारिक आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कुट्टनाडची समुद्रसपाटीखालील भातशेती, मधे वाळूचा चिंचोळा पट्टा; हात-दोन हात खणले की पाणी. अशा ठिकाणी कचरा पुरायचा कोठे? नगरपालिकेने जे उत्तर काढले ते आपल्या देशातील बहुतेक नगरपालिकांचे उत्तर होते : वेशीबाहेर नेऊन टाका. मारारिकुळम दक्षिण पंचायतीतील सर्वोदयपुरम् येथे दररोज सुमारे पन्नास टन कचरा जाऊ लागला. ज्या गावाने स्वतःला असे नाव घेतले, त्याच्या वाट्याला सगळ्या नगराची घाण यावी, यापरते कडवट ते काय! तेथील लोकांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, आंदोलने केली; अखेर २०१२ साली त्यांनी गाड्यांची वाटच अडविली. तिकडे तिरुवनंतपुरमजवळील विळप्पिलशालेच्या लोकांनीही थोडे आधी हेच केले होते.

नगरात मग रस्तोरस्ती ढीग साचले. आमचे एक सहकारी त्या वेळी येथेच होते. ते सांगतात, की नाकाला रुमाल लावल्यावाचून कार्यालय गाठता येत नसे. या संकटात एक सोपा मार्ग होता : पोलीस बंदोबस्तात गाड्या पाठविणे. तो घेतला गेला नाही, आणि आमच्या मते आलप्पुळाच्या इतिहासातील हा निर्णय कालवे खोदण्याच्या निर्णयाइतकाच मोलाचा आहे. तेथील आमदार, अर्थशास्त्रज्ञ टॉमस आयझॅक आणि नगरपालिका यांनी २०१२च्या अखेरीस ‘निर्मल भवनम्, निर्मल नगरम्’ ही मोहीम हाती घेतली. कचरा जेथे निपजतो तेथेच तो जिरवायचा, एवढेच तिचे सूत्र. नगराच्या ५२ प्रभागांपैकी प्रथम १२ प्रभाग घेतले. ज्यांच्याकडे जागा होती त्यांना जैववायूची लहान टाकी, इतरांना दोन नळांचे खतपात्र, आणि दोहोंसाठी भरघोस अनुदान. नळाची युक्ती आम्ही स्वतः करीत आलो आहोत : दोन रुंद नळ मातीत उभे रोवायचे, एकात खरकटे टाकीत जायचे, अधूनमधून शेण कालवलेले पाणी शिंपडायचे, तो भरला की झाकण लावून दुसरा सुरू करायचा. महिना-दीड महिन्यात पहिल्यातून काळे, भुसभुशीत खत निघते. पहिल्या खेपेस आमच्याकडून पाणी फार झाले, अळ्या पडल्या आणि घरातून जी बोलणी खावी लागली ती येथे लिहिण्याजोगी नाहीत.

ज्यांना अंगण नाही अशांसाठी तुंबुरमुळी पद्धतीचे चौथरे बांधले. चार फूट लांब, तितकाच रुंद व उंच असा जाळीदार हौद. त्यात शेण, वाळलेला पाला आणि कचरा यांचे थर. हवा खेळती राहत असल्याने दुर्गंधी येत नाही आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. हे चौथरे मुद्दाम पूर्वीच्या उकिरड्यांच्या जागी उभारले आणि भिंतींवर चित्रे काढली. जेथे लोक नाक धरून जात, तेथे संध्याकाळी माणसे बोलत उभी राहू लागली. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने जगातील पाच नगरांचा गौरवाने उल्लेख केला. ओसाका, ल्युब्लियाना, पेनांग आणि काहिका यांच्या पंक्तीस पावणेदोन लाख वस्तीचे आलप्पुळा बसले.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. परंतु खरकटे जिरते, प्लास्टिक जिरत नाही. ते गोळा करण्याचे काम आज हरित कर्म सेनेच्या स्त्रिया दारोदार फिरून करतात आणि त्यांचे शुल्क देताना घासाघीस करणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांत आपल्यासारखी बदलीवरची बिऱ्हाडे कमी नाहीत. दोन वर्षांत जायचे, मग नळ कशाला रोवा, हा आपला युक्तिवाद. कालव्यांचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. २०१७च्या सुमारास मुंबईच्या आय. आय. टी.ने केरळातील ‘किला’ या संस्थेच्या साह्याने ते कालवे अभ्यासास घेतले. पवईची मुले काठाकाठाने घरोघर हिंडून कोणते सांडपाणी कोठे मिळते याची नोंद करीत होती. आणि मार्च २०२३ मध्ये, येथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर, कोचीच्या ब्रह्मपुरम् येथील कचऱ्याचा डोंगर पेटला व कित्येक दिवस धुमसत राहिला. त्या दिवसांत शेजारच्या अम्मांनी वर्तमानपत्र आमच्यापुढे धरले, छायाचित्रावर बोट ठेवले आणि काही न बोलता आपल्या नळावरचे झाकण नीट बसविले.

आमची बदली आता होऊ घातली आहे. दोन्ही नळ मागे ठेवून जाणार आहोत. येणारे गृहस्थ नागपूरकडचे आहेत असे कळते. डावीकडचा अर्धा भरलेला आहे, तो त्यांनी पुढे चालवावा.